चारशे अश्वशक्ती, मागची दोन चाकं आणि मिशिगनचा बर्फ : एका पिकअपचं प्रकरण

डिसेंबरातला मंगळवार होता. सकाळी पावणेसातला भाच्याचा फोन आला. "मामा, मला काही झालं नाही, पण ट्रक गोल फिरला. आता उलट्या तोंडाने बर्फात उभा आहे."

नोव्हायहून तो कामाला निघाला होता. आय-९६ महामार्गावर चढायचं जे गोल वळण असतं, त्याच्या शेवटाला ट्रकने शेपूट मारली आणि तो कडेच्या गवताच्या पट्ट्यात जाऊन रुतला. मागून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. टो ट्रकवाल्याने ओढून काढला. मागच्या बंपरचा कोपरा दबला, एक मडफ्लॅप तुटला, एवढंच नुकसान.

मी डेट्रॉईटच्या परिसरात पंधरा वर्षं ब्रेक आणि स्टॅबिलिटी कंट्रोलच्या कॅलिब्रेशनचं, म्हणजे त्या यंत्रणा गाडीला नेमक्या जुळवून घ्यायचं काम करतो. दर हिवाळ्यात मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलामध्ये जाऊन गोठलेल्या तळ्यांवर आणि मुद्दाम घोटून काढलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर गाड्या पळवतो. आणि घरातल्याच पोराचा ट्रक मी एकदाही खाली वाकून पाहिला नव्हता. हे मला फार लागलं. त्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून काय झालं ते मुळापासून शोधायला घेतलं. ते सगळं इथे लिहितो आहे, कारण असे जोरदार पिकअप घेणारी आपली मुलं इकडे आता बरीच दिसतात, आणि त्यातली पुष्कळशी पहिल्या बर्फात याच जागी चुकतात.

ट्रक कुठून आला

भाचा चार वर्षं ह्यूस्टनला होता. तिथेच त्याने हा वापरलेला ट्रक घेतला. साडेतीन लिटरचं दोन टर्बोवालं सहा सिलिंडर इंजिन, ४०० अश्वशक्ती, ६७८ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर), दहा गिअरचा ऑटोमॅटिक, आणि जोर फक्त मागच्या चाकांना. टेक्साससारख्या ठिकाणी फोर-व्हील ड्राइव्हचे जादा पैसे कशाला घालायचे, असा विचार करणारे पुष्कळ असतात, आणि तिथल्या हवेला तो बरोबरच आहे. आधीच्या मालकाने त्यावर २२ इंची चाकं आणि २८५ मिलिमीटर रुंदीचे टायर चढवले होते. दिसायला रुबाबदार. ऑक्टोबरात भाचा नोकरीसाठी मिशिगनला आला, आणि ट्रक जसाच्या तसा आला.

सामान्य पिकअपला एवढी ताकद असणं ही तशी अलीकडची गोष्ट. १९९१ साली जीएमसीने सायक्लोन नावाचा छोटा पिकअप काढला, टर्बो बसवून २८० अश्वशक्तीचा, तेव्हा लोक थक्क झाले होते. पण त्या ट्रकच्या चारही चाकांना कायम जोर जायचा. ज्यांनी तो बनवला त्यांना पक्कं ठाऊक होतं, की रिकाम्या हौद्याच्या गाडीत एवढी ताकद नुसत्या मागच्या चाकांना देऊन काही हाती लागणार नाही. आज त्याच्या दीडपट ताकद असलेला, फक्त मागची चाकं ओढणारा ट्रक कोणीही शोरूममधून घेऊन जातो, आणि तो रस्त्यावर सरळ चालतो यामागे फार मोठा वाटा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे.

बटणाची सवय

मी पहिला प्रश्न विचारला, "ट्रॅक्शन कंट्रोल चालू होतं का?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, ते चालू ठेवलं तर ट्रक ड्राइव्हवेच्या बाहेरच येत नाही."

त्याच्या भाड्याच्या घराचा ड्राइव्हवे गराजपासून रस्त्याकडे चढत जातो. आठ टक्के चढ असेल. बर्फ पडला की ट्रक मध्यावर थांबायचा, चाक जरा फिरलं की इंजिन आपोआप मंद व्हायचं आणि डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र लुकलुकायचं. त्याला वाटायचं, काहीतरी बिघाड आहे. शेजाऱ्याने सांगितलं, बटण दाबून धर, बंद होईल. त्याने पाच-सहा सेकंद दाबून धरलं. चाकं भिरभिरली, ट्रक धक्के खात का होईना वर आला. तेव्हापासून बर्फ दिसला की बसल्याबरोबर पहिलं काम, बटण.

इथे दोन गैरसमज एकात एक अडकले होते. एक तर लुकलुकणारा दिवा म्हणजे बिघाड नव्हे. यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो सतत पेटून राहिला तर मात्र पाहावं लागतं. दुसरं, त्या एकाच बटणामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅक्शन कंट्रोल हे वेग घेताना जागच्या जागी फिरणारं चाक ओळखतं आणि इंजिनाचा जोर कमी करतं, शिवाय त्या चाकाला ब्रेक लावतं. स्टॅबिलिटी कंट्रोल हे गाडी स्टिअरिंगच्या म्हणण्याप्रमाणे वळते आहे की स्वतःभोवती फिरायला लागली आहे, ते पाहतं. त्यासाठी स्टिअरिंगचा कोन, चारही चाकांचे वेग, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे आणि बाजूला किती ढकलली जाते आहे, हे सगळं ते सेकंदात अनेकदा मोजतं आणि लागेल त्या एकट्या चाकाचा ब्रेक दाबतं. भाच्याच्या ट्रकमध्ये बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबलं तर फक्त पहिली यंत्रणा बंद होते. दाबून धरलं तर दुसरीही. त्याने रोज दाबून धरलं होतं, आणि हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मालकाच्या पुस्तिकेत आहे. पण वापरलेल्या ट्रकबरोबर पुस्तिका आलीच नव्हती.

अमेरिकेत हा विषय कायद्याचा आहे. रस्ता-सुरक्षा प्रशासनाने २००७ च्या एप्रिलमध्ये नियम १२६ जाहीर केला, आणि २०१२ च्या मॉडेलपासून १०,००० पौंडांपर्यंतच्या प्रत्येक कार, व्हॅन आणि हलक्या ट्रकमध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं झालं. तेव्हा त्यांचा अंदाज होता, की एकट्याच गाडीचे अपघात कारच्या बाबतीत ३४ टक्के आणि एसयूव्हीच्या बाबतीत ५९ टक्के कमी होतील. उंच गाड्यांना फायदा जास्त. त्याच नियमात एक कलम आहे, की चालकाने ही यंत्रणा बंद केली तरी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की ती आपोआप चालू झालीच पाहिजे. भाच्याने ड्राइव्हवेवर ती बंद केली आणि इंजिन बंद न करता तीन मैलांवरच्या वळणापर्यंत गेला. कायद्याने ठेवलेली ती सोय मधल्या रस्त्यात उपयोगी पडणार नव्हती.

नियमातली चाचणी कशी असते, हेही सांगतो. ताशी ८० किलोमीटरला यंत्रमानव स्टिअरिंग झटक्याने एकीकडे, मग दुसरीकडे फिरवतो, अर्धा सेकंद धरून ठेवतो आणि सरळ करतो. सरळ केल्यावर एका सेकंदाने गाडीचं स्वतःभोवती फिरणं कमाल वेगाच्या ३५ टक्क्यांच्या खाली आलेलं असावं लागतं. पण ही चाचणी कोरड्या, चांगल्या पकडीच्या डांबरावर होते. बर्फावर ट्रक कसा वागेल, हे कंपन्या आपल्या जबाबदारीवर घोटत बसतात. आमचे हिवाळे त्यातच जातात.

वजनकाट्यावर

शनिवारी मी त्याला आधी ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर नेलं. मोठे अठरा चाकी ट्रक तिथे ॲक्सलवार वजन करतात, पिकअपलाही करून देतात. चिठ्ठीत आलं : पुढे २,७६० पौंड, मागे १,९८०. म्हणजे किलोत धरलं तर पुढे साधारण १,२५० आणि मागे ९००. सगळा जोर ज्या चाकांना जातो, त्यांच्यावर गाडीच्या वजनाचा जेमतेम ४२ टक्के भाग.

मग गाडीत बसूनच त्या चिठ्ठीच्या मागे मी त्याला गणित करून दाखवलं. दाबल्या गेलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.२५ धरू. ९०० किलोचा पाव भाग २२५ किलो. मागची चाकं याहून जास्त जोराने रस्त्याला ढकलूच शकत नाहीत. चाकाची त्रिज्या ४० सेंटिमीटरच्या आसपास, तेव्हा किलोला साधारण दहा न्यूटन धरून चाकाशी हा टॉर्क झाला ९०० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये, मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा संच) धरून, इंजिनाचा टॉर्क साडेपंधरा पट होऊन चाकाला मिळतो. उलट भागलं की उत्तर येतं ५८.

"म्हणजे ६७८ पैकी ५८?" त्याने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली.

हो. बारावा हिस्सा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलाच्या दुव्यात होणारी वाढ तर मी धरलीच नव्हती. ती धरली तर आणखी कमी. पायाच्या बोटाने ॲक्सिलरेटरला नुसता स्पर्श केला तरी हा ट्रक पकडीच्या पलीकडे जातो.

ड्राइव्हवेचं कोडंही याच हिशेबात सुटलं. २,१५० किलोचा ट्रक आठ टक्के चढावर नेताना नुसतं वजन वर ओढायलाच १७२ किलोचा जोर लागतो. २२५ मधून १७२ गेले, उरले थोडेच. चाक एकदा जागच्या जागी फिरलं की खालचा बर्फ वितळून पुन्हा काचेसारखा गोठतो, गुणांक ०.१ वर येतो, आणि मग ९० किलोचा जोर उरतो. त्यात ट्रक चढणारच नाही. कंट्रोल चालू असो वा बंद. शेजाऱ्याचा उपाय त्या दिवशी चालला, कारण बर्फ ताजा आणि भुसभुशीत होता. फिरणाऱ्या चाकांनी तो उकरून खालच्या खडबडीत काँक्रीटपर्यंत वाट काढली. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल बंद करणं योग्यच असतं. फक्त तेवढ्यापुरतं, आणि टिचकीने.

ते वळण

गोल वळणावर पिवळी पाटी होती, ताशी २५ मैल. तो २५ नेच गेला, हे मला खरं वाटतं. पण त्या वळणाची त्रिज्या ५० मीटर धरली, तर ताशी २५ मैल म्हणजे ४० किलोमीटरला गाडीला बाजूने पाव 'जी', म्हणजे तिच्या वजनाच्या पाव भागाइतकी पकड लागते. रस्त्याला आतून उतार असतो म्हणून थोडी कमी. बर्फाच्या खिशात मुळात होतीच पाव जी. म्हणजे ट्रक नुसता वळण्यातच जवळजवळ सगळी पकड खर्च करत होता. पुढे ओढायला शिल्लक नव्हती. हाच वेग ताशी १५ मैलांवर आणला असता, तर वळायला एक दशांश जी सुद्धा लागली नसती. वेग निम्म्याच्या जवळ आला की लागणारी पकड तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पाटीवरचा आकडा बर्फासाठी लिहिलेला नसतो, हे मी माझ्या मुलीला शिकवताना बजावलं होतं. भाच्याला नाही.

वळण संपता संपता महामार्गाची रहदारी दिसली आणि त्याने नेहमीच्या सवयीने पाय दाबला. गिअरबॉक्सने दोन गिअर खाली टाकले. टर्बोला भरायला क्षणभर लागतो. तो क्षण गेला आणि मग सगळा टॉर्क एकदम आला. ट्रकची मागची बाजू डावीकडे निघाली. तो घाबरला आणि पाय पूर्ण काढला. इथे दुसरी चूक झाली. पाय एकदम सोडला की वजन पुढे झुकतं, मागचे टायर आणखी हलके होतात, आणि इंजिनाचा ब्रेक त्याच मागच्या चाकांना लागतो. त्यात त्याने स्टिअरिंग उलटं फिरवलं ते जरा जास्तच, त्यामुळे शेपूट डावीकडून सुटून उजवीकडे आली आणि ट्रक फिरला.

यंत्रणा चालू असती तर? उजव्या वळणात मागची बाजू निसटली की ती पुढच्या डाव्या, म्हणजे बाहेरच्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर तोडते. पहिला झोका तिने बहुतेक धरला असता, असं माझा अनुभव सांगतो. पण छातीठोकपणे मी म्हणणार नाही, कारण टायर पाहिल्यावर माझी खात्री डळमळली.

टायरांचं मी एका क्वार्टरच्या, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्याने पाहिलं. वॉशिंग्टनचं डोकं खाली करून खाचेत घालायचं. केस दिसले तर खाच सव्वातीन मिलिमीटरहून कमी. पुढच्या टायरात डोकं बऱ्यापैकी बुडालं. मागच्या दोन्हीत केसांची कड दिसली. ह्यूस्टनमध्ये चार वर्षं जोर मागच्या चाकांवर आणि टायरांची अदलाबदल एकदाही नाही. म्हणजे ज्या टोकाला पकड सगळ्यात जास्त हवी, तिथेच सगळ्यात झिजलेलं रबर. अशी गाडी आधी मागून सुटते, आणि मागून सुटणं हे सावरायला सगळ्यात अवघड. बाजूवर "एम प्लस एस" लिहिलेलं होतं म्हणून भाच्याला ते बर्फाचे वाटले. ती खूण केवळ खाचांच्या नक्षीबद्दल सांगते. बर्फावर चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं.

काय बदललं

त्याला मागचा डिफरन्शियल लॉक करणारी यंत्रणा बसवून घ्यायची होती. मी नको म्हटलं. लॉकर अडकलेला ट्रक काढायला छान, पण वळणावर दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरवली की दोन्ही एकदम सुटतात आणि बाजूने धरून ठेवायला कोणी उरत नाही. ते पैसे टायरांत घातले.

१८ इंची साध्या लोखंडी रिम आणि २७५/६५ मापाचे चार हिवाळी टायर. चार. मागे दोनच घालून पुढे जुने ठेवणं मला मान्य नव्हतं. मग स्टिअरिंग आणि ब्रेकची पकड कुठून आणणार? मापाची एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे. २८५/४५ चा २२ इंची टायर आणि २७५/६५ चा १८ इंची टायर, दोघांचा बाहेरचा व्यास ८१५ मिलिमीटरच भरतो. चाक लहान झालं तेवढी रबराची उंची वाढली. स्पीडोमीटर आणि चाकांच्या वेगावर चालणारी सगळी यंत्रणा त्यामुळे गोंधळत नाही. टायर थोडा अरुंद झाला तेही बरंच. अरुंद टायर बर्फावर तरंगण्याऐवजी तो कापत खाली जातो आणि पकड धरतो.

मग वाळू. माझ्या लहानपणी गावाकडे जीप चिखलात फिरायला लागली की दोघा-तिघांना मागे उभं करायचे आणि मग ड्रायव्हर हळूच काढायचा. इथे त्या माणसांच्या जागी साठ पौंडी लांबट पोती मिळतात. आठ घेतली, २१८ किलो. बरोबर ॲक्सलवर, चाकांच्या दोन कमानींच्या मध्ये, फळ्यांची चौकट ठोकून बसवली. टेलगेटशी ठेवली असती तर वजन काट्यावर जास्त दिसलं असतं, पण लोलकासारखं मागे लोंबकळलं असतं आणि एकदा सुटलेली शेपूट आवरायला कठीण गेली असती. सुटं वजन तर अजिबात नको. ब्रेक लागला की ते केबिनच्या काचेवर येतं. मागच्या चाकांवर आता १,११६ किलो, म्हणजे जवळजवळ पावपट जास्त.

पुढच्या रविवारी माझ्या ओळखीच्या एका गोदामाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, मालकाची परवानगी घेऊन, आम्ही दोन तास घालवले. जुन्या टायरांवर ताशी २० मैलांवरून पूर्ण ब्रेक मारला तेव्हा ट्रक थांबायला माझी बावीस पावलं लागली. तिथेच जॅकवर चढवून टायर बदलले, पुन्हा मारला : सोळा.

मग मी त्याला मोठा गोल काढायला लावला. ताशी दहा मैल, यंत्रणा चालू, "स्लिपरी" मोड, ज्यात ॲक्सिलरेटर मंद होतं आणि गिअर लवकर वर चढतात. "खिडकी उघडी ठेव आणि ऐक," मी म्हटलं, "आता पाय थोडा दाब." त्याने दाबला. ट्रकची मागची बाजू बोटभर बाहेर गेली, आणि पुढच्या डाव्या चाकातून दाताने खरखर चावल्यासारखा आवाज आला. टर्रर्र. पायाखाली पेडलमध्ये बारीक थरथर. ट्रक पुन्हा रेषेवर.

"हे तेच होतं? रोज मी बंद करत होतो ते?"

"हो."

त्याने स्वतःहून अजून सात-आठ वेळा केलं. नंतर मी बटण दाबून धरून बंद करायला सांगितलं आणि तोच गोल काढला. ताशी आठ मैलांना ट्रक सावकाश फिरून विरुद्ध दिशेला तोंड करून थांबला. मोकळ्या जागेत, कशालाही न लागता. मग पाय सोडायचा तो अर्धाच, हळू, आणि नजर जिकडे जायचं तिकडे, हे त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत आम्ही थांबलो नाही.

ड्राइव्हवेबद्दल आम्ही एक ठरवलं. आधी फावडं, मग मीठ, मग ट्रक. तरी अडकला तर बटणाला एक टिचकी, आणि रस्त्याच्या कडेला जी पत्रपेटी आहे तिथे पोचण्याआधी पुन्हा एक टिचकी. थंडीने टायरातली हवा दर साडेपाच अंश सेल्सिअसला एक पीएसआय उतरते, म्हणून दर पंधरवड्याला प्रेशर. वळणावर चढण्याआधी सरळ रस्त्यातच वेग कमी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हिवाळी टायर उतरवायला तो माझ्याकडे आला. २२ इंचींवर मागे नवे दोन टायर घालायचे ठरवूनच आला होता. पोती उतरवताना दोन फाटली, वाळू सगळ्या हौद्यात पसरली, ती झाडत बसलो. मी विचारलं, हिवाळाभरात बटण किती वेळा दाबलंस? तो म्हणाला, "तीनदा. तिन्ही वेळा ड्राइव्हवेवर. एकदा पत्रपेटी ओलांडली होती, मग तिथेच उभा राहून लावलं."